अक्कांचं जायफळ

माफ करावं, सोडून द्यावं, मन मोठं करावं, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानंही माझ्या घरात एक रात्र काढलेली नाही. म्हणून मी त्यांचं ऐकून घेते, पण सोडून काही देत नाही. हे लिहितेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझं मन चांगलं भरलेलं आहे आणि मला ते तसंच आवडतं.

माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. बोलते थोडं, दोन-तीन शब्दांचं, पण जे बोलते ते खरं असतं. आमचं घर ओतूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, वस्तीवर. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्युटी, घरी येणार तो रविवारी. मी ब्लाउज शिवते. घरासमोर थोरल्या दिरांचं शेत आणि शेताच्या पलीकडे त्यांचं नवं स्लॅबचं घर. तिथे माझी थोरली जाऊ राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. या गोष्टीत तिच्याबद्दल मी चांगलं काही लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लेकीला झोप नव्हती. म्हणजे उशिरा यायची वगैरे नाही. पहाटेपर्यंत ती घरभर फिरायची, हसायची, उड्या मारायची, आणि माझा डोळा लागला की कडी काढायची. बाहेर ऊस, आणि उसात बिबट्या. हे मी गोष्ट रंगवायला सांगत नाही, आमच्याकडे कुत्री आणि शेळ्या मोजताना लोक त्याचा वाटा धरूनच मोजतात. म्हणून मी वर्षानुवर्षं दाराला पाठ लावून, उंबऱ्याशी आडवी झोपले. तिनं मला ओलांडायला पाय उचलला की जागी व्हायचे. दिवसा मशीनवर बसून शिवण उसवावी लागेल अशा चुका करायचे. एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या.

मग नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, त्यात मी रडले तेही. मग म्हणाल्या, अंधार पडला की आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाची एक गोष्ट आपोआप तयार होते. ती अंगाला सांगते, रात्र झाली. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हा निरोप उशिरा पोचतो, किंवा नीट पोचत नाही. ही गोळी म्हणजे तेवढा निरोप. ती कुणाला गुंगवून पाडत नाही. आणि एकटीही काम करत नाही, रोज ठरल्या वेळी अंथरूण हवं, टीव्ही-मोबाइल आधीच बंद हवा आणि खोलीत अंधार हवा. तुम्ही गोळी द्याल आणि डोळ्यांवर उजेड पाडाल, तर एकानं हो म्हणायचं आणि दुसऱ्यानं नाही, असं होईल. अधूनमधून आठवडाभर बंद ठेवून बघायचं, अजून गरज आहे का ते, असंही त्यांनी सांगितलं.

जादू झाली नाही, पण फरक पडला. पंधरा-वीस दिवसांत लेक दहाच्या आत झोपायला लागली. कधी मध्येच उठायची, पण परत पडायची. झोपायच्या आधीचा एक रिवाज तिनं स्वतःच लावून घेतला. घरातलं एकूण एक बटण खाली करायचं. पंखा, टीव्ही, देवघरातली माळ, सगळं. प्रत्येक बटणाला "टक" म्हणायचं, शेवटी "बंद" म्हणायचं आणि आडवं व्हायचं. सकाळी उठली की तीच बटणं एकेक करून वर. पहिल्या आठवड्यात ती फ्रिजपण बंद करायची आणि दूध नासायचं. मग ह्यांनी त्या बटणावर लाकडी डबा ठोकला. दुधाचं काय एवढं, मी आता अंथरुणावर झोपत होते.

हे सुख एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा टिकलं. पौषात थोरल्या दिरांनी समोरच्या शेतात शेवंती लावली.

शेवंतीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्र मोठी झाली की शेवंतीला कळी सुटते, मग झाड केवढंही असो. झाड आधी उंच आणि डेरेदार व्हायला हवं असेल तर तिला रात्र कळू द्यायची नाही. म्हणून शेतात खांब रोवून बल्बांच्या माळा सोडतात आणि मध्यरात्रीच्या आसपास काही तास उजेड करतात. झाडाला वाटतं, अजून दिवसच मोठा आहे. आठ दिवस सलग अंधार मिळाला की संपलं, वीतभर झाड कळी धरून बसतं. दिरांना वैशाखातली लग्नं गाठायची होती. बरोबर दहाच्या ठोक्याला आमच्या घरासमोर पांढरा फटक दिवस उगवायला लागला.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं आणि दिरांची शेवंती या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तेव्हा एकदम जुळल्या. फुलाला फसवायला लावलेला उजेड माझ्या लेकीलाही फसवत होता. नुकती झोपलेली ती ताडकन उठून बसायची. खिडकीला मी गोधडी लावली, तर उजेड कौलांच्या फटींतून यायचा. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बोट दाखवायची, "टक. टक." मग घरातली सगळी बटणं पुन्हा पुन्हा खालीवर करायची. त्या उजेडाचं बटण तिला आमच्या घरात सापडत नव्हतं. ते अक्कांच्या घरात होतं. आणि मी परत उंबऱ्याशी.

मी दिरांकडे गेले. म्हटलं, "दादा, आमच्या बाजूच्या खांबांना नुसतं शेडनेट बांधू द्या. मी आणते, मीच बांधते."

"आन् मग कडंच्या वळींवर सावली येती त्याचं काय? तेवढीच आधी फुटायची," ते म्हणाले. माणूस वाईट नाही, पण पिकापुढे त्यांना काही दिसत नाही.

आतून अक्का आल्या. "पोरीसाठी आता पीक मारायचं का आमी? उजेडानं बिबट्या लांब ऱ्हातो, त्याचं न्हाई कौतुक." त्यांनी स्वतःच्या झोपायच्या खोल्या मागच्या अंगाला काढल्या होत्या. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी बल्बांना शिव्या देत तो हंगाम काढला असता. पण रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला, बायकांनी खोली भरलेली असताना, वाण देता देता अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या धाकटीला बाई पोरीचा कटाळा येतो. रोज गुंगीची गोळी देती आन् आपली खुशाल झोपती. आई म्हणायची का काय ही?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली केली, म्हणजे त्यांना पटलं होतं. मी म्हटलं, "ती गुंगीची गोळी नाही." अक्का म्हणाल्या, "लई शिकलेली तू. आमी पाच वाढवली, एक गोळी न्हाई दिली. जायफळ उगाळून दुधातनं दे, मंग बघ कशी ढाराढूर झोपती ती." माझ्या हातात वाणाची स्टीलची वाटी होती. ती वाटी मी अजून वापरलेली नाही, कपाटात ठेवली आहे, बघायला.

त्यानंतर ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका माझ्या लेकीकडे असं बघायला लागल्या, जसं उपाशी ठेवलेल्या वासराकडे बघतात. एकीनं तर तिचे डोळे ओढून तपासले. मी रात्री उंबऱ्याशी पडून अक्कांचं काय काय करता येईल याचा विचार करायचे. बल्बाची वायर कापावी, इथपर्यंत गेले. पण हातून झालं एवढंच, की लग्नासाठी टाकलेला त्यांचा जरीचा ब्लाउज मी बोटभर तंग शिवला. जेवायला बसल्यावर कळेल इतपतच. "जाड झाल्या की काय अक्का?" असं वर विचारलंही. हा सूड फार छोटा होता, मला पुरला नाही.

मग माघ संपता संपता माझ्या आईचा खुबा मोडला. माहेर माझं पारगावचं. आईला मंचरला दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन झालं, आणि तिच्याजवळ बसायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ह्यांना रजा मिळेना. दवाखान्याच्या गोंगाटात लेकीला नेणं म्हणजे तिचे हाल. मी ओटीवर बसून रडत होते, तर अक्का शेत ओलांडून आल्या. दया आली म्हणून आल्या असं मला क्षणभर वाटलं.

"सोड माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "आठ-धा दिस. पर ती पाकिटं न्हाई घेनार मी. बिनगोळीची झोपवून दावते, सगळ्यांदेखत."

त्यांना लेक नको होती, पुरावा हवा होता. मला ते कळलं, आणि मला दुसरी वाटही नव्हती. आठवडाभर गोळी थांबवायला डॉक्टरीणबाईंचं हो होतंच, फोन करून मी पुन्हा विचारलं. अक्कांच्या घराला लोखंडी जाळीचं दार होतं, त्याला कुलूप, म्हणजे लेक बाहेर पडणार नाही. तिचे कपडे, तिची निळी चादर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पुढच्या हॉलमध्ये त्यांनी तिच्यासाठी कॉट टाकली होती, बरोबर शेताकडच्या खिडकीखाली. भिंतीवर लाइटचा मोठा बोर्ड, लेक आत शिरल्या शिरल्या त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मी म्हटलं, "अक्का, एक सांगायचं होतं. झोपायच्या आधी ती बटणं..."

"मला शिकवू नको," अक्का म्हणाल्या. "पोरं काय नवीन हाईत का मला? जा, आईकडं बघ तू."

मी एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. दुसऱ्यांदा उघडलं नाही.

मंचरहून मी रोज फोन करायचे. पहिल्या रात्री लेक थोडी जागली म्हणे. दुसऱ्या रात्रीपासून अक्कांच्या आवाजाला धार चढली. "नवाच्या ठोक्याला दूध-जायफळ दिलं, साडेनवाला पोर गार. सकाळपर्यंत कूस न्हाई बदलली. ऐकतीस ना?" मी ऐकत होते. खरं सांगते, मला लेक झोपतेय याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्यावर अक्कांचं हसू बसलेलं होतं आणि ते मला गिळता येत नव्हतं. खरंच जायफळानं झोपत असेल तर? मी इतकी वर्षं मूर्खासारखी उंबऱ्याशी झोपले? आईच्या पायाशी बसून मी हे घोळवत राहिले आणि आई विचारायची, दुखतंय मला आणि तोंड तू का वाकडं करतेस.

दहाव्या दिवशी परतले तेव्हा अक्कांच्या ओट्यावर तीन बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर किरकिरं बाळ होतं. अक्का सहाणेवर जायफळ उगाळून तिला दाखवत होत्या, किती वेढे, किती दूध. मला बघून म्हणाल्या, "ये. सांग ह्यांना, तुझी पोर बिनगोळीची झोपली का न्हाई."

लेकीनं माझा हात धरला आणि मला आत ओढत नेलं. त्या मोठ्या बोर्डाशी. वर शेतातल्या माळांचा टायमर होता, त्याच्या खाली एक खटका. तिनं त्यावर बोट ठेवलं. "टक," म्हणाली. मग दुसऱ्या हाताने खिडकीतून शेतातल्या बल्बांकडे दाखवलं. "बंद." मग गाल तळहातावर ठेवून डोळे मिटले. इतकी खूश तिला मी फार दिवसांत बघितली नव्हती. आमच्या घरात शोधून शोधून न सापडलेलं बटण तिला सापडलं होतं. रोज रात्री झोपण्याआधी खाली, रोज सकाळी उठल्यावर वर, तिच्या रिवाजाप्रमाणे. रात्री दहाला टायमर आपलं काम करत होता आणि शेतात काळोख. मागच्या खोल्यांत अक्का आणि दादा गाढ झोपलेले, डोळ्यांवर उजेड नको म्हणून बांधलेल्या खोल्यांत.

मी शेतात काम केलेली बाई आहे. इतके दिवस सलग अंधार, म्हणजे काय ते मला लगेच कळलं. कळी धरायची ती धरली असणार. तेव्हा सांगून उपयोग झाला नसता, असं मी म्हणू शकते. पण तसं म्हणत नाही. मला सांगायचंच नव्हतं. मी बाहेर येऊन बसले, अक्कांनी चहा दिला, मी प्याले. त्या बायकांना म्हटलं, "हो, झोपली खरी. अक्कांचं जायफळ लई भारी." चहाला आलं छान लागलं होतं.

पुढचे दिवस माझे मजेत गेले. बल्ब रोज लागत होते, लेक पुन्हा जागत होती, गोळी पुन्हा चालू केली, मी पुन्हा उंबऱ्याशी. पण आता मी वाट बघत होते, आणि वाट बघणाऱ्याला रात्र जड जात नाही. अक्कांचं जायफळ गावभर झालं. ओतूरच्या बाजारातही कुणी भेटलं की अक्का आमच्या लेकीची गोष्ट सांगायच्या, पहिल्या रात्रीपासून शेवटच्या सकाळपर्यंत, कूस न बदलल्याचं तर हमखास. मी प्रत्येकीला सांगायचे, अगदी खरं आहे. जितकं ऐकवतील तितकं मला हवंच होतं.

पाडव्याच्या तोंडावर शेवंतीला कळ्या दिसल्या. झाडं वीत-दीड वीत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हरभऱ्याएवढी कळी. दादांनी कृषी केंद्रवाल्याला बोलावलं. तो बांधावर वाकून बघत राहिला. "लाइट बंद व्हती राव हिला," तो म्हणाला. "एक-दोन रात्री न्हाई. सलग व्हती." दादा ओरडले, टायमर नवा आहे, रोज बघतो. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. अक्का विचार करत होत्या. त्यांच्या तोंडावर तो विचार कुठपर्यंत आलाय ते मला आमच्या ओटीवरून, मशीनवर बसल्या बसल्या दिसत होतं.

अक्का शेतातूनच चालत आल्या. माझ्याकडे माप द्यायला दोघी बसल्या होत्या, मागून दादा, त्यांच्यामागे कृषी केंद्रवाला.

"तुझ्या पोरीनं केलं ह्ये!" अक्का म्हणाल्या. "खटका बंद केला तिनं! पीक खाल्लं आमचं!"

मी मशीनवरून उठले नाही. म्हटलं, "कधी अक्का? रात्री? रात्री तर ती तुमच्याकडं कूसपण बदलत नव्हती. तुम्हीच सांगितलंत, साऱ्या गावाला."

"झोपायच्या आधी केला असंल!"

"म्हणजे उजेड गेला म्हणून झोपली." मी दोरा तोडला. "जायफळानं नव्हं. मग मी काय वेगळं सांगत होते?"

अक्कांनी पोर जागी होती म्हणावं तर जायफळ खोटं पडत होतं. झोपली होती म्हणावं तर पीक कुणी मारलं ते सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण मी लहानपणापासून ऐकते. तो मार कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नुसतं शेडनेट मागत व्हती ती." आणि परत फिरले. माप द्यायला आलेल्या दोघींनी अक्कांकडे बघितलं आणि पटकन नजर खाली केली. हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्याकडे बघून केली होती तशीच. ती नजर मला फेडून मिळाली.

माळा त्याच दिवशी उतरल्या. पुढच्या खेपेला दादांनी तिथे टोमॅटो लावले. लेक आता गोळी घेते, बटणं खाली करते, खिडकीतून काळ्या शेताकडे एकदा बघून "बंद" म्हणते आणि झोपते.

फक्त पलीकडे अक्कांच्या घरात हल्ली पुढच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा दिसतो. ऐकते की त्यांना झोप लागत नाही. पीक गेल्यापासूनच. जायफळही घेऊन झालं म्हणे. परवा लेकीनं झोपायच्या आधी तो दिवा पाहिला, बोट वर केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "टक?"

माझ्या लेकीच्या मनात कुणाविषयी काही नसतं. तिला वाटतं, उजेड आहे म्हणजे कुणीतरी तो बंद करायला हवा. जाऊन अक्कांना सांगण्यासारखं माझ्याकडे होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळंच.

"नाही गं," मी म्हटलं. "तो आपला नाही. तो राहू दे." आणि पडदा ओढून घेतला.